शेवटचं बरं कधी पाहिलंत?

"हात ढिला सोड गं. परक्या कासारणीच्या हातात न्हाईस तू."

आई माझ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि मी पाटावर. माझा अंगठा तिनं तळव्यात दुमडला, बोटांची पेरं एकमेकांवर चढवली आणि बघता बघता माझ्या हाताची कळी करून टाकली. मग एकेक हिरवी बांगडी त्या कळीवरून अशी उतरायची, की काच कातडीला लागली हे मनगटावर थंडावा पोचल्यावरच कळायचं.

परवा माझं लग्न होतं. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते, ओसरीवर पंधरा-वीस बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि त्या सगळ्यांत शकूआत्याचा, म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहिणीचा, आवाज वर होता.

"वैनी, आई कुठं लेकीचा चुडा भरती व्हय? वैरागहून कुणी बोलवायची हुती."

"आर्ध्या तालुक्याच्या पोरींचं हात मी भरलं," आई मान वर न करता म्हणाली, "आन माझ्या पोरीचा हात दुसरीच्या हातात देऊ? आज मी आई न्हाई, कासारीण हाय. मला आधी चोळखण द्या, शिधा द्या. वैनी मागनं म्हणा."

"बघा की! हक्काची कासारीण, तरी शिधा मागती!"

"आन नवरीचा हात बघा किती जाड झालाय," दुसरी कुणी म्हणाली, "चार महिनं नुसती फोनवर बोलून बोलून."

"फोननं हात जाड हुतो व्हय गं?"

"डावा बघ न् उजवा बघ, कळंल कुठल्या हातानं धरती ती."

बाया फिदीफिदी हसल्या. मी लाजले, आणि हात आणखी ताठ झाला. आईनं माझ्या मनगटावर हलकीच चापट मारली. "ढिला सोड म्हणलं ना."

माझी आई, केसरबाई. आम्ही कासार. आठवड्याच्या बाजारात आप्पा बांगड्यांची पेटी मांडायचे, विकायचे आप्पा, पण बाया हात पुढे करायच्या आईपुढे. बाळंतिणीचे सुजलेले हात, खुरपून घट्टे पडलेले हात, शाळकरी पोरींचे शाई लागलेले हात. हात हातात आला की ती माप विचारायची नाही. आणि नवरीचा चुडा भरताना ती गायची. गळा काही फार गोड नव्हता, पण बांगडी आणि ओवी एकाच चालीनं पुढं सरकायची.

हिरवा तुझा चुडा, हिरवा किती म्हणू बाई
पेरला माहेरात, सासरी उगवत जाई

चुड्याचे आमच्या घरात नेम होते. चुडा भरायला बसलेली कासारीण तो पुरा होईपर्यंत उठायची नाही, तहान लागली तरी नाही. एखादी बांगडी दुखावली तर तुकडे मुकाट्यानं मांडीखाली सारायचे. 'फुटली' हा शब्द तर काढायचाच नाही. त्या घटकेला तोंडातून वाईट निघालं तर ते नवरीच्या कपाळाला चिकटतं, असं आम्ही मानायचो. मीही मानायचे. बारावी झाले होते, तरी मानायचे. आईच्या हातून नवरीच्या हातावर आजवर एकही बांगडी दुखावली नव्हती, आणि हे तिच्यापेक्षा बाकीच्या बायाच जास्त सांगायच्या.

डावा हात भरून झाला. उजवा सुरू झाला. आमच्याकडे उजव्यात एक बांगडी जास्त. पाचवी चढत होती. रस्त्यापलीकडच्या शाळेत कर्णा खरखरला आणि पोरांची प्रार्थना सुरू झाली. रोज साडेदहाला व्हायची. कर्ण्याच्या आवाजात आईनं ओवी जरा उंच उचलली:

हात ढिला सोड बाई, हात हाताच्या गं हाती
काचंची ही नाती, मऊ हाताला...

आणि ओवी तिथंच थांबली.

माझ्या हातावरची तिची बोटं सुटली. तिनं सोडली नव्हती. दोरा तुटल्यावर माळेतल्या बांगड्या सुटाव्यात, तशी ती आपली आपण सुटली. तीन बांगड्या पाटाच्या कडेवर पडल्या. आवाज झाला, पण प्रार्थनेत बुडाला. मी आईकडे पाहिलं. तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता, दोरीवरचं ओलं लुगडं एका अंगानं घसरावं तसा.

"आई?" मी ओठातल्या ओठात म्हटलं.

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मान अगदी थोडी हलवली. नको. मग डाव्या हातानं काचेचे तुकडे मांडीखाली सारले.

"मुं... ग्या," ती म्हणाली. जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसं. बांगड्या म्हणायचं असावं.

"काय गं वैनी, ववी का थांबली?" मागून शकूआत्या.

आईचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मी म्हटलं, "आत्या, आईचा गळा भरून आलाय."

कुणीतरी नाक ओढलं. कुणीतरी म्हणालं, "येणारच की बाई, एकुलती लेक." आणि ज्या बाया एवढा वेळ हसत होत्या त्याच पदर डोळ्याला लावून आईची ओवी पुढं म्हणू लागल्या.

आई डाव्या हातानं बांगड्या चढवायला लागली. कासारीण डाव्या हातानं चुडा भरत नाही. तो हात शिकलेला नसतो. मी माझा पदर पुढं ओढून घेतला, त्याच्याआड माझा दुसरा हात घातला, स्वतःचा अंगठा स्वतः दुमडला आणि आईनं टेकवलेली प्रत्येक बांगडी मीच आत ढकलली. बायांना दिसत होती आईची पाठ आणि माझी खाली घातलेली मान. सहावी, सातवी, आठवी. त्वचा सोलली गेली. आईच्या कपाळावर घाम होता. तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती, पुरा होऊ दे. मला वाटलं, पुरा झाला की तिला बरं वाटेल. खरंच तसं वाटलं मला.

चुडा पुरा झाला. मी तिच्या पाया पडले. ती उठताना तिचा उजवा पाय मागं राहिला, मी पुढून धरलं. "लेक निघाली की आईचं पाय असंच जड हुत्यात," कुणीतरी म्हणालं. मी तिला आतल्या खोलीत खाटेवर नेऊन निजवलं. ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी मान डोलावली.

"जरा पड. चहा आणू?"

तिनं डोळे मिटले. बाहेरून हळदीला हाक आली आणि मी गेले.

सव्वादोनला शकूआत्या तिला जेवायला उठवायला गेली आणि तिची किंकाळी आली. आई खाटेखाली पडली होती. उजवं अंग निव्वळ ओझं झालं होतं. तोंडातून लाळ, आणि एकच आवाज, पुन्हा पुन्हा. आप्पा मांडवाची दोरी हातात घेऊनच आत धावले.

"आत्ता तर बरी हुती! केसर! अगं ए केसर!"

"लकवा मारला," कुणी म्हणालं. कुणी एका गावाचं नाव घेतलं, तिथला बुवा दोरा बांधतो, तीन दिवसांत माणूस चालायला लागतं. भानुदासमामा, आईचा भाऊ, त्याची वडापची, सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप होती. तो ओरडला, "दोरा बांधा तुमच्या तोंडाला! उचला हिला. सोलापूर."

जीपमध्ये आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या अंगाला हळद, हातात चुडा, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्या बांगड्या तिच्या कानाशी वाजत होत्या. तिचे डोळे उघडे होते. ती सगळं ऐकत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडे नावाच्या. माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी आईला हसायला सांगितलं, हात उचलायला सांगितलं, एक वाक्य म्हणायला सांगितलं. आईनं तिन्ही गोष्टी अर्ध्या केल्या. मग तिला डोक्याच्या फोटोसाठी आत घेऊन जायचं ठरलं.

"बांगड्या काढाव्या लागतील," नर्स म्हणाली आणि कटर घेऊन आली. "सुई पण लावायचीये."

"कापू नका," मी म्हटलं. "मी काढते."

"वेळ नाहीये हो."

"कापायला लागेल त्याच्या आत काढते."

मी आईचा उजवा हात घेतला. आयुष्यभर ती बायांना सांगत आली होती, ढिला सोड, ढिला सोड. आणि तिच्या हाताइतका ढिला हात मी कधीच धरला नव्हता. अंगठा दुमडावा लागला नाही. बांगड्या नुसत्या ओघळल्या, सात की आठ, एकही दुखावली नाही. नर्स म्हणाली, "अरे वा, सवय दिसतेय." मी त्या सगळ्या ओटीत घेतल्या.

फोटो होऊन डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उजळला होता. "रक्तस्राव नाहीये. गुठळी आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची शीर बंद झालीये, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलंय. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं. सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तर फायदा होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण होऊ शकतो."

"द्या की मग!" मामा म्हणाला.

"थांबा. वेळ उलटून गेल्यावर दिलं तर त्याच इंजेक्शननं डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. मग माणूस हाती लागत नाही. म्हणून नीट आठवून सांगा. कधी सुरू झालं?"

"दोन, सव्वादोन," आप्पा म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे पावणेदोन तास." नर्सला खूण केली. नर्सनं ट्रे ओढला, एक छोटी बाटली काढली. आप्पांच्या हातात सहीचा कागद आला. त्यांनी कधी नव्हे ते सही करण्याआधी देवाला हात जोडले. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघ, पोचलो येळंवर. तुझ्या लग्नात नाचंल ही."

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सव्वादोनला त्या सापडल्या. त्याआधी झोपल्या होत्या का?"

"व्हय, जरा पडली हुती."

"मग सापडल्याची वेळ नाही चालणार. शेवटचं बरं कधी पाहिलंत? म्हणजे पूर्ण बऱ्या. बोलत होत्या, दोन्ही हात चालत होते, असं."

"अहो सकाळधरनं बरीच हुती," आप्पा म्हणाले. "चुडा भरला तिनं पोरीचा! अख्खा चुडा भरला, बघा की हात. आजारी माणूस भरंल का?"

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही.

"चुडा कधी झाला?"

"अकरा... साडेअकरा आसतील," मामा घाईनं म्हणाला. "आन त्यानंतर बोलली की. बोलली का न्हाई गं जयू? तू हुतीस शेजारी. बारा-साडेबाराला बोलली आसंल."

तो माझ्या तोंडात उत्तर घालत होता. बारा म्हटलं तरी चारच तास होत होते, मग सही, मग सुई. आप्पा कागद धरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत शंकासुद्धा नव्हती.

आईचा डावा हात माझ्या हातात होता. तिनं मुठीत माझी बोटं धरली होती. ती ऐकत होती. त्या खोलीत खरी वेळ ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. सकाळी तिचे डोळे वाचले तसे वाचायला गेले. तिनं मूठ आवळली. घट्ट. सांग म्हणून आवळली की सांगू नको म्हणून, ते मला कळलं नाही.

"सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरी वेळ सांगा फक्त."

"साडेदहा," मी म्हटलं.

"काय साडेदहा?" आप्पा.

"साडेदहाला सुरू झालं. चुडा निम्मा झाला होता. तिचा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलली. शाळेची प्रार्थना चालू होती."

"अगं पण चुडा तर..."

"मी भरला. पदराआड. माझा मीच."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं, पण ते पाहायची गरज नव्हती. पाच तास उलटून गेले होते. "नक्की?" त्यांनी हळू विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि नर्सनं ती छोटी बाटली पुन्हा खोक्यात ठेवली, झाकण दाबून बंद केलं.

"बाकीचं सगळं करू आपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधं, व्यायाम. माणसं सुधारतात. पण हे आता देता येणार नाही."

आप्पांच्या हातात कागद तसाच होता. ते म्हणाले, "आन तू आत्ता सांगतीस?"

आईनं माझी बोटं सोडून दिली. का, तेही मला माहीत नाही. कदाचित तिचा तो हात दमला असेल.

पहिले चार दिवस तिला पाणीसुद्धा तोंडानं द्यायचं नव्हतं. गिळता येतं का ते बघायचं, ठसका लागतो का ते बघायचं. नाकात नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उजवा हात लोंबकळू द्यायचा नाही, खांदा निसटतो, खाली उशी द्यायची. मी सगळं शिकले. आप्पा शिकले. आप्पा माझ्याशी बोलायचे, पण पाहुण्यांशी बोलावं तसं. "जरा उशी द्या." "नर्सला सांगता का?" आपल्या लेकीला अहोजाहो करणाऱ्या बापाला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

शकूआत्या पाहायला आली तेव्हा आईजवळ रडली आणि जिन्यात मला गाठलं.

"बोलायचं तिथं गप ऱ्हायलीस, आन गप ऱ्हायाचं तिथं बोललीस. कुठनं आलीस गं तू आमच्या पोटी?"

मी म्हटलं, "आत्या, सकाळी बोलले असते तर तुम्हीच तोंड दाबलं असतंत. चुडा चालू होता."

"दाबलं आसतं," ती म्हणाली. मग पायरीवर बसली, आणि बराच वेळ दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून बसून राहिली.

लग्न महिन्यानं झालं, देवळात, वीस माणसांत. जावई चांगला मिळाला. त्यानंच सांगितलं, आईपाशी राहा हवं तेवढं. म्हणून मग पुढचं दीड वर्ष मी दर मंगळवारी आईला घेऊन सोलापूरला जात होते. खालच्या मजल्यावर हातपाय हलवायचे, वरच्या मजल्यावर बोलायचं. बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या निलोफर मॅडम.

पाय आला. काठीनं, पाऊल ओढत, पण आला. हात आला नाही. आप्पा रोज सकाळी तिच्या त्या हातात कपड्यांचे चिमटे द्यायचे, एकेक दोरीवर लाव म्हणायचे. चिमटा पडायचा, ते उचलून द्यायचे. पडायचा, उचलून द्यायचे. कधी कधी दोघं तासभर तेवढंच करत बसायचे आणि दोरीवर एकही चिमटा नसायचा.

आणि बोलणं. निलोफर मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शोधली. त्या तिच्या डाव्या हातावर ताल धरायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमच्या घरातलं काहीतरी गा." मी चुड्याची ओवी सुरू केली. दुसऱ्या ओळीला आईचा आवाज आला. पेरला माहेरात, सासरी उगवत जाई. अख्खी ओळ, एकही शब्द न अडखळता. मी रडायला लागले. आप्पा उठून उभे राहिले.

"बोलली! बोलली की ओ मॅडम!"

"गायल्या," मॅडम म्हणाल्या. "गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. त्या वाटेनं हळूहळू बोलण्याकडं जाता येतं का ते बघायचं. केसरकाकू, हे काय आहे?" त्यांनी स्वतःच्या मनगटातली बांगडी दाखवली.

आईनं बांगडीकडे पाहिलं. जिनं लाखभर बांगड्या हाताळल्या असतील तिनं पाहिलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला. मग ती खूप प्रेमानं म्हणाली, "व्हय."

तो एकच शब्द तिला परत मिळाला होता. भूक लागली? व्हय. पोट भरलं? व्हय. मी जयू आहे? व्हय. मी शकू आहे? व्हय, आणि स्वतःलाच राग येऊन डाव्या हातानं मांडीवर थापट.

"त्यांना कळतंय सगळं," मॅडम म्हणाल्या. "बाहेर येताना चुकीचं येतं. हो म्हणायचं असतं तरी हो, नाही म्हणायचं असतं तरी हो. म्हणून त्यांना काहीही विचाराल तर दोन्ही बाजूंनी विचारा. चहा हवाय? मग लगेच, चहा नकोय? दोन्हीला हो आलं तर समजायचं, उत्तर मिळालंच नाही. तेव्हा वस्तू समोर धरायची, चेहरा बघायचा. पण एकाच 'हो'वर विश्वास ठेवायचा नाही. घरच्यांची तिथंच फसगत होते. ज्याला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो."

आम्ही तसं करू लागलो. आप्पाही. "केसर, ऊन लागतंय? ऊन न्हाई लागत?" असं आमचं घर दोनदोनदा बोलू लागलं. आई पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायची आणि दुसऱ्याची वाट बघत थांबायची. पुढं पुढं गंमत वाटायची तिला. अर्धं हसायची.

आप्पा माझ्याशी पुन्हा अगंतुगं करू लागले ते एका चिमट्यावरून. त्या दिवशी चिमटा दोरीवर राहिला. क्षणभर राहिला आणि मग पडला, पण राहिला. "जये! अगं जये, बघ!" त्यांनी हाक मारली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पण हाक मारून झाली होती. त्यानंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही. एकदाच, मला एस.टी.वर सोडायला आले तेव्हा, गाडी येताना दिसल्यावर म्हणाले, "ती सुई दिली आसती तर ती गेलीबी आसती, न्हाई का?"

"गेली असती. किंवा हात आला असता."

"दोन्ही हुऊ शकलं आसतं."

"हो."

"म्हंजी न्हाईच कळायचं." गाडी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली.

पण मी बोलावं की बोलू नये, हे सांगू शकणारं माणूस एकच होतं. चुडा भरताना मान हलवणारं तेच, आणि दवाखान्यात माझी बोटं आवळणारंही तेच.

दीड वर्षानंतरची गोष्ट. मला सातवा महिना होता, मी माहेरी आले होते. दुपारची वेळ. आप्पा बाजाराला गेले होते. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात उशीवर. मी तिच्यासाठी चहा आणला, बशीत बिस्किटं. कोरडं तिला अजून गिळवत नव्हतं. मी तिच्यासमोर बसले. कितीतरी महिने जो प्रश्न जिभेवर घेऊन मी निजत होते, तो तिथं, त्या भर उन्हात, काही न ठरवता बाहेर आला.

"आई, दवाखान्यात मी खरी वेळ सांगितली. तुला आठवतंय ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मी सांगितलं ते बरोबर केलं का?"

तिनं वेळ घेतला. घाई केली नाही, थापट मारली नाही. मग माझ्या डोळ्यांत बघून, अगदी स्पष्ट म्हणाली,

"व्हय."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली. मांजर येऊन बशी हुंगून गेलं. आई थांबली होती. दुसरा प्रश्न यायचा होता, तिला सवय झाली होती. एकामागं एक येतोच. भुवया जरा वर करून, ओठाचा चालणारा कोपरा किंचित हलवत, ती माझ्या तोंडाकडे वाट बघत राहिली.

मी बशी जवळ ओढली. बिस्कीट मोडलं, चहात बुडवलं, मऊ होईपर्यंत धरलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. तिनं तोंड लगेच उघडलं नाही.

"घे आई," मी म्हटलं. "निवतंय."